कशाच्या तुलनेत? व्यायाम, नैराश्य आणि सिनॉप्सिसमधला एक रिकामा रकाना

मागच्या महिन्यात एका ज्युनिअरने सिनॉप्सिसचा कच्चा मसुदा वाचायला पाठवला. विषय: व्यायाम आणि नैराश्य. गृहीतक एका ओळीचं, 'नियमित व्यायामाने नैराश्य कमी होते.' खाली पद्धत दिलेली. ४० विद्यार्थी, ८ आठवडे, रोज अर्धा तास चालणं, सुरुवातीला पीएचक्यू-९ ही प्रश्नावली आणि शेवटी पुन्हा तीच. मी समासात दोनच शब्द लिहिले, 'कशाच्या तुलनेत?' लगेच तिचा फोन. "ताई, तुलना कशाला हवी? आधीचा स्कोअर आहे ना आपल्याकडे!"

तो फोन तासभर चालला. त्यात जे बोललो ते जरा क्रमाने इथे लिहितेय, कारण पेट देऊन विषय शोधणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांना हा विषय खुणावतो. सोपा वाटतो, खर्च कमी, सगळ्यांना पटणारा. आणि खरं सांगायचं तर पद्धत शिकायला याच्याइतका चांगला विषय मला माहीत नाही. गेली शंभरेक वर्षं लोक एकच प्रश्न विचारतायत, व्यायामाने नैराश्य हटतं का? दर वेळी तुलनेचा गट बदलला आणि दर वेळी उत्तरही बदललं.

जुना इतिहास पटकन उरकू. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट बर्टनने १६२१ साली विषण्णतेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, 'द अ‍ॅनाटॉमी ऑफ मेलन्कली'. त्यात उपायांमध्ये व्यायाम आहेच. इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात क्वेकर पंथाच्या लोकांनी १७९६ मध्ये 'रिट्रीट' नावाचं मनोरुग्णालय उघडलं. तिथे साखळदंडांऐवजी काम, मोकळी हवा आणि फिरणं यांवर भर होता. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात असलं सगळं 'प्राचीन काळापासून' म्हणून भरायचा मोह होतो. मीही माझ्या विषयात तेच केलं होतं, गाईडने पाच पानं उडवली. तेव्हा राग आला होता, आता कळतं. तो सल्ला आहे, पुरावा नाही. बर्टनने कुणाला मोजलं नव्हतं.

मोजायला सुरुवात झाली ती विसाव्या शतकात. १९०५ मध्ये 'अमेरिकन जर्नल ऑफ इन्सॅनिटी' या नियतकालिकात शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ आणि जी. व्ही. हॅमिल्टन या दोघांचा एक लेख आला. नैराश्यात माणूस मंदावतो, हालचाल हळू होते, उत्तर द्यायला वेळ लागतो. व्यायाम दिल्यावर ही मंदगती कमी होते का, असा त्यांचा प्रश्न होता. रुग्ण अगदी मोजके. तुलना कशाशी? त्याच रुग्णांच्या व्यायामाआधीच्या स्थितीशी. म्हणजे, आमच्या ज्युनिअरची पद्धत! फक्त ती १९०५ ची आहे.

त्यात अडचण काय, ते इथेच बघून टाकू, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. नैराश्य बऱ्याचदा लाटांसारखं येतं, वाढतं, ओसरतं. माणूस दवाखान्यात कधी जातो, किंवा तुमची प्रश्नावली भरायला कधी तयार होतो? फार वाईट वाटत असतं तेव्हा. तिथून पुढे काही जण काहीही न करता थोडे तरी वर येणारच. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात स्कोअर घेतलात आणि सुट्टीत पुन्हा घेतलात, तर मधल्या काळात तुम्ही त्यांना चालायला लावलंत की रोज एक शेंगदाणा खायला दिलात, आकडा खालीच येईल. त्यातून तुम्ही रोज प्रेमाने विचारपूस करणार, त्याचाही परिणाम होणार. 'आधी आणि नंतर' या दोन आकड्यांमध्ये हे सगळं मिसळलेलं असतं. त्यातून व्यायामाचा वाटा वेगळा काढायचा असेल, तर बाकी सगळं तेच मिळालेला पण व्यायाम न मिळालेला माणूस हवा. तो माणूस नेमका कसा असावा, यावरच ही सगळी भांडणं आहेत.

मधली काही दशकं या विषयात फारसं घडलं नाही. खरी लाट आली ती १९७० च्या दशकात, आणि ती प्रयोगशाळेतून नाही, रस्त्यावरून आली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये फ्रँक शॉर्टरने मॅरेथॉन जिंकली आणि अमेरिकेत धावण्याचं वेड लागलं. १९७६ मध्ये थॅडियस कोस्ट्रुबाला नावाच्या मनोविकारतज्ज्ञाने धावण्याच्या आनंदावर पुस्तक लिहिलं. पुढच्या वर्षी जिम फिक्सचं धावण्यावरचं पुस्तक आलं आणि धो धो खपलं. अशा वातावरणात विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या जॉन ग्रीस्ट आणि सहकाऱ्यांचा १९७९ चा अभ्यास प्रसिद्ध झाला. नैराश्याचे २८ रुग्ण. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काहींना धावणं, बाकीच्यांना मानसोपचार, त्यातही काहींना ठरावीक मुदतीचे आणि काहींना मुदतीशिवाय. निष्कर्ष असा की धावणारे मानसोपचारवाल्यांइतकेच सुधारले.

बातमी म्हणून हे झकास आहे. पण २८ माणसं, ३ गट. आणि काहीच उपचार नाही असा गटच नाही. दोन्ही उपचार सारखेच ठरले, याचे दोन अर्थ निघतात. दोन्ही चालतात, किंवा दोन्ही चालत नाहीत आणि लोक आपापले बरे झाले. आकडे यातलं काय खरं ते सांगू शकत नाहीत. शिवाय इतक्या लहान गटात 'फरक आढळला नाही' म्हणजे 'फरक नाही' असं होत नाही. हे वाक्य भिंतीवर लावून ठेवा, व्हायवात विचारतात.

१९८४ मध्ये कॅन्सस विद्यापीठात मॅकॅन आणि होम्स या दोघांनी यात एक पाऊल पुढे टाकलं. नैराश्याचा स्कोअर जास्त असलेल्या ४३ तरुणी, १० आठवडे, ३ गट. एक गट जोरदार एरोबिक व्यायाम करणारा, एक काहीच न करणारा आणि तिसरा शरीर सैल सोडायचा सराव करणारा. हा तिसरा गट त्यांनी मुद्दाम प्लासिबो म्हणून ठेवला होता. त्यांनाही काहीतरी मिळतंय, लक्ष मिळतंय, आशा मिळतेय, फक्त घाम गाळणं नाही. एरोबिक गट दोन्हींपेक्षा जास्त सुधारला. छान रचना आहे. पण या विद्यार्थिनी होत्या, दवाखान्यातले रुग्ण नव्हत्या. प्रश्नावलीवर स्कोअर जास्त येणं आणि डॉक्टरने निदान करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडच्या निम्म्या प्रबंधांमध्ये ही गल्लत असते, असं माझं मत. कॉलेजमधल्या मुलांना प्रश्नावली वाटायची आणि शीर्षकात 'नैराश्यग्रस्त रुग्ण' लिहायचं!

आता जरा बाजूला जाऊन एंडॉर्फिनचं बोलू, कारण ते कुणीतरी विचारणारच. १९७५ मध्ये अ‍ॅबर्डीनमध्ये ह्यूज आणि कॉस्टरलिट्झ यांनी मेंदूतलं अफूसारखं काम करणारं नैसर्गिक रसायन शोधलं. मग धावून आल्यावर बरं वाटतं ते त्यामुळेच, ही कल्पना झपाट्याने पसरली. १९९९ मध्ये चाकावर पळणाऱ्या उंदरांच्या मेंदूत नव्या पेशी जास्त बनतात असं दिसलं. २०१५ मध्ये जर्मन संशोधकांनी उंदरांवरच दाखवलं की धावल्यानंतर चिंता कमी होते त्यात एंडॉर्फिनपेक्षा शरीरातली गांजासदृश रसायनं महत्त्वाची असावीत. हे सगळं वाचायला मजा येते. पण मी स्वतः विज्ञानाची असून सांगते, यंत्रणा सापडली म्हणजे उपचार सिद्ध झाला असं नसतं. 'एंडॉर्फिन सुटतात, म्हणून नैराश्य कमी होतं' हे वाक्य सिनॉप्सिसमध्ये टाकायचा मोह आवरा.

बरं, मूळ रस्त्यावर येऊ. या विषयातला सगळ्यात गाजलेला अभ्यास १९९९ चा. नॉर्थ कॅरोलायनातलं ड्यूक विद्यापीठ, प्रमुख जेम्स ब्लुमेंथल. ५० वर्षं आणि त्यापुढचे १५६ लोक, निदान झालेलं नैराश्य. तीन गट: व्यायाम, सर्ट्रालिन हे औषध, आणि दोन्ही एकत्र. व्यायाम म्हणजे आठवड्यातून ३ दिवस, देखरेखीखाली, गटाने, भरभर चालणं किंवा हळू धावणं. १६ आठवड्यांनी कितीजणांचं नैराश्य निदानाच्या पातळीखाली आलं? व्यायाम गटात ६०.४ टक्के, औषध गटात ६८.८, दोन्ही एकत्र ६५.५. आकडेशास्त्राच्या दृष्टीने फरक नाही. औषधाचा परिणाम मात्र आधी दिसू लागला होता.

पुढच्या वर्षी याच लोकांचा पाठपुरावा प्रसिद्ध झाला आणि खळबळ उडाली. बरे झालेल्यांपैकी कितीजण १० महिन्यांच्या टप्प्यावर पुन्हा नैराश्यात गेले? औषध गटातले ३८ टक्के, एकत्र गटातले ३१ टक्के, व्यायाम गटातले फक्त ८ टक्के. वर्तमानपत्रांना आणखी काय हवं! 'गोळीपेक्षा व्यायाम बरा' ही जी वाक्यं आजही व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतात, त्यातल्या बऱ्याच जणांचं माहेर हा अभ्यास.

इथे थांबून, पेन घेऊन, स्वतः त्रुटी काढा. मी काढलेल्या सांगते. पहिली, प्लासिबो गट नाही. म्हणजे ग्रीस्टचीच अडचण, फक्त माणसं जास्त. दुसरी, लोक जाहिरात वाचून स्वतःहून आले होते. 'व्यायामाचा अभ्यास आहे' हे कळून जो येतो त्याला व्यायामाची आवड किंवा आशा असणारच. त्याला चिठ्ठीत औषध निघालं तर तो खट्टूच होणार. तिसरी, व्यायाम गट आठवड्याला ३ वेळा एकत्र भेटत होता. तीच माणसं, तोच प्रशिक्षक, 'काल का नाही आलात?' ही चौकशी. औषध गटाला असली सोबत नव्हती. म्हणजे बरं केलं ते चालण्याने की सोबतीने? चौथी, पाठपुराव्याच्या काळात चिठ्ठीचं राज्य संपलेलं होतं. कुणी काय चालू ठेवायचं ते ज्याचं त्याने ठरवलं. ज्यांनी व्यायाम चालू ठेवला ते बरे राहिले, की जे बरे होते त्यांनाच व्यायाम चालू ठेवता आला?

या शेवटच्या शंकेची एक जुनी गोष्ट आहे, हृदयरोगातली. १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसचालकांची आणि वाहकांची तुलना केली. दिवसभर बसून असणाऱ्या चालकांमध्ये हृदयविकार जास्त, डबलडेकरचे जिने चढउतार करणाऱ्या वाहकांमध्ये कमी. व्यायामाच्या बाजूने केवढा मोठा पुरावा! पण मॉरिसनीच पुढे १९५६ मध्ये गणवेशांच्या मापांची नोंद तपासली, तर चालकांच्या विजारींची कंबर वाहकांपेक्षा मोठी निघाली. मग काही फरक आधीपासूनच होता का, हा प्रश्न उभा राहिला. स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घ्यायला शिंप्याची मापं शोधणारा माणूस मला फार आवडतो.

ब्लुमेंथलही त्याच जातीचे म्हणायला हवेत. टीका मनावर घेऊन त्यांनी पुन्हा चाचणी उभी केली, ती २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. २०२ लोक, आता ४ गट: गटाने देखरेखीत व्यायाम, घरी एकट्याने व्यायाम, सर्ट्रालिन, आणि नुसती प्लासिबो गोळी. घरचा गट कशासाठी ते लक्षात आलं ना? सोबतीचा वाटा वेगळा काढायला. १६ आठवड्यांनी बरे झालेले: गटाने व्यायाम ४५ टक्के, घरी व्यायाम ४० टक्के, औषध ४७ टक्के, आणि प्लासिबो ३१ टक्के.

तो ३१ चा आकडा पुन्हा वाचा. औषध नसलेली गोळी घेऊन जवळपास तिसरा हिस्सा लोक बरे. १९९९ च्या त्या ६० टक्क्यांमधला किती भाग असाच असेल? तीन उपचार गट एकत्र धरून प्लासिबोशी तुलना केली तर पी-मूल्य आलं ०.०५७. म्हणजे ०.०५ च्या उंबरठ्याच्या जरा बाहेर. आणि लक्षात घ्या, तिथे औषधाचा गटही प्लासिबोपासून फार लांब नव्हता. ज्यांना 'व्यायाम काही कामाचा नाही' असं यातून काढायचंय, त्यांना त्याच दमात औषधाबद्दलही तेच म्हणावं लागेल. तेवढी घाई दोन्हींकडे नको. शिवाय प्लासिबो गोळी हा गोळीचा प्लासिबो झाला. आपण व्यायाम करतोय की नाही हे व्यायाम करणाऱ्याला कळतंच. त्याच्या डोळ्यांवर पट्टी बांधता येत नाही. या विषयाचं मूळ दुखणं हेच.

ते दुखणं टाळायचा सगळ्यात हुशार प्रयत्न मला अँड्रिया डन यांचा वाटतो, २००५ चा, डॅलसच्या कूपर इन्स्टिट्यूटमधला. त्यांनी विचार केला, 'व्यायाम की व्यायाम नाही' असं विचारण्याऐवजी औषधासारखी मात्रा बदलून बघू. २० ते ४५ वयाचे ८० लोक. एका बाजूला आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे १७.५ किलोकॅलरी खर्च होईल इतका व्यायाम, दुसऱ्या बाजूला फक्त ७. म्हणजे ६० किलोच्या माणसासाठी आठवड्याला १०५० आणि ४२०. दोन्हीतले काही ३ दिवसांत करणार, काही ५ दिवसांत. पाचवा गट नुसतं स्ट्रेचिंग करणारा. आणि सगळ्यांनी व्यायाम एकेकट्याने करायचा, म्हणजे गप्पा-सोबतीचा घोळ नको. १२ आठवड्यांनी नैराश्याचा स्कोअर जास्त मात्रेच्या गटात ४७ टक्क्यांनी उतरला, कमी मात्रेत ३० टक्क्यांनी, स्ट्रेचिंगमध्ये २९ टक्क्यांनी. आठवड्यात ३ दिवस की ५ दिवस याने फरक पडला नाही, एकूण किती केलं याने पडला.

इथे प्रत्येकाला वाटत होतं की आपल्याला काहीतरी व्यायाम मिळालाय. त्यामुळे आशेचा भाग बराचसा सारखा झाला. तरीही जास्त मात्रेने जास्त फरक पडला. माझ्या मते व्यायामाच्या बाजूने हा पुरावा ड्यूकच्या गाजलेल्या आकड्यांपेक्षा वजनदार आहे, जरी तो कुठल्याच फॉरवर्डमध्ये दिसत नाही. पण ८० लोक, ५ गट. एका गटात किती उरले ते तुम्हीच भागून बघा.

मग २०१२ उजाडलं आणि वारं फिरलं. डेन्मार्कमध्ये क्रोग आणि सहकाऱ्यांनी आधी २००९ मध्ये १६५ लोकांवर आणि मग २०१२ मध्ये ११५ लोकांवर काटेकोर चाचण्या केल्या. दुसऱ्या चाचणीत एरोबिकची तुलना स्ट्रेचिंगशी होती. नैराश्यात फरक दिसला नाही. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये ब्रिस्टल आणि एक्झिटर भागातली ३६१ रुग्णांची चाचणी 'बीएमजे'त आली. तिथेही फरक नाही. ब्रिटिश वर्तमानपत्रांनी लगेच ठोकून दिलं की व्यायामाने नैराश्य हटत नाही.

आता मथळा बाजूला ठेवून पद्धतीचा भाग वाचा. ब्रिटिश चाचणीत लोकांना व्यायाम दिलाच नव्हता. व्यायाम करावा म्हणून एका सल्लागाराने भेटून आणि फोनवरून प्रोत्साहन दिलं होतं. दोन्ही गटांचे नेहमीचे उपचार चालू होते. म्हणजे चाचणी कशाची झाली? 'नेहमीच्या उपचारांवर व्यायामाचं प्रोत्साहन जोडलं तर नैराश्यात जास्त फरक पडतो का?' याची. उत्तर आलं नाही. हे महत्त्वाचं उत्तर आहे, कारण डॉक्टर बहुतेक वेळा एवढंच करू शकतात. पण प्रश्न वेगळा होता. डेन्मार्कमध्ये लोकांनी बरीचशी सत्रं चुकवली. त्यात नवल काय? सकाळी अंथरुणातून उठवत नाही, हे या आजाराचं लक्षणच. 'जरा फिरून ये, बरं वाटेल' असं सांगणाऱ्यांना हे लक्षात येत नाही. मोडलेल्या पायाच्या माणसाला दवाखान्यापर्यंत चालत जा म्हणण्यासारखं आहे ते.

दरम्यान सगळ्या चाचण्यांची बेरीज करणारे लोक वेगळं काम करत होते. २००१ मध्ये लॉलर आणि हॉपकर यांनी १४ अभ्यास गोळा केले. परिणाम मोठा दिसत होता, पण चांगल्या दर्जाचे अभ्यासच नाहीत, म्हणून ठाम काही सांगता येत नाही असं त्यांनी लिहिलं. कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ३९ चाचण्या होत्या. त्यांतल्या ३५ एकत्र करून परिणामाचं माप आलं ०.६२, म्हणजे मध्यम ते बरंच. पण त्यातल्या चोख ६ चाचण्याच घेतल्या तर ते घसरून ०.१८ झालं, तेही शून्यापासून वेगळं आहे असं खात्रीने म्हणता येईना. चाळणी जितकी बारीक, तितका परिणाम कमी.

यावर आयोवातल्या पान्टेलेइमॉन एक्केकाकिस यांनी २०१५ मध्ये भलामोठा प्रतिवाद लिहिला. शीर्षकच एका हॉलिवूड विनोदी सिनेमाच्या नावावर बेतलेलं, आशय असा की 'अगं, मी परिणामाचं माप आटवून टाकलं!' त्यांचा एक मुद्दा तुम्हाला कामाचा आहे. तुलनेच्या गटातले लोकही जर शरीर हलवतच असतील, तर फरक कमी येणारच. स्ट्रेचिंग हा प्लासिबो आहे की कमी मात्रेचा उपचार? डनच्या अभ्यासात स्ट्रेचिंगवालेही २९ टक्क्यांनी उतरले होते, आठवतंय ना? ते स्ट्रेचिंगमुळे की काळामुळे, हे त्या अभ्यासातून कळत नाही. दोन्ही बाजूंचे लोक तेच आकडे घेऊन उलट निष्कर्षांवर जातात, आणि दोघंही खोटं बोलत नाहीत.

आणखी एक मोठी बेरीज २०२४ ची, 'बीएमजे'तली. २१८ अभ्यास, १४,१७० लोक. चालणं-धावणं, योग, वजनं उचलणं या सगळ्यांचा चांगला परिणाम दिसला. मथळे पुन्हा उलटे झाले. पण २१८ पैकी पूर्वग्रहाचा धोका कमी आहे असा अभ्यास किती? एक.

एव्हाना ज्युनिअर फोनवर वैतागली होती. "म्हणजे व्यायाम करायचा की नाही?" करायचा की! तो प्रश्नच नव्हता. प्रश्न आहे तो उपचारांत कुठे बसवायचा. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २००९ पासूनच सौम्य-मध्यम नैराश्यासाठी गटाने करायच्या व्यायामाचा पर्याय दिलेला आहे. आणि 'पूरक' या शब्दाला धरून प्रश्न विचारणारी एक चाचणी आहे, मधुकर त्रिवेदी यांची, डॅलसमधलीच, २०११ ची. औषध घेऊनही पूर्ण बरे न झालेले १२६ लोक घेतले. औषध चालू ठेवून वर व्यायाम दिला, काहींना जास्त मात्रा, काहींना कमी. १२ आठवड्यांनी बरे झाले २८.३ आणि १५.५ टक्के. इथे कुणी गोळी विरुद्ध व्यायाम अशी कुस्ती लावलेली नाही. गोळी बंद केलेली नाही. माझ्या मते आपल्याकडच्या रुग्णांसाठी हाच प्रश्न खरा आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरचा ८ टक्क्यांचा आकडा वाचून कुणी परस्पर औषध सोडलं, तर त्याची किंमत तो माणूस मोजतो, अभ्यास करणारे नाहीत.

आणखी एक अभ्यास तिला वाचायला दिला, तो व्यायामाचा नाहीच. गोव्यातला. विक्रम पटेल आणि 'संगथ' संस्थेच्या लोकांनी प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, बऱ्यापैकी तीव्र नैराश्य असलेल्या ४९५ जणांवर केलेला, २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आलेला. डॉक्टर नव्हेत, मानसशास्त्राची पदवीही नाही, अशा प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी ६ ते ८ भेटींत रुग्णाला पुन्हा छोट्या छोट्या कामांकडे वळवलं. सुटलेल्या गोष्टी हळूहळू परत सुरू करायच्या, एवढाच गाभा. ३ महिन्यांनी बरे झालेले ६४ टक्के, तुलनेच्या गटात ३९. आता विचार करा. चालायला जाणं हेसुद्धा 'सुटलेलं काम पुन्हा सुरू करणं'च आहे. मग व्यायामाने बरं वाटतं ते स्नायूंमुळे, की ठरवलेलं काहीतरी करून घरी परतल्यामुळे? ही शंका आली की तुलनेच्या गटाला काय द्यायचं ते आपोआप सुचायला लागतं.

परवा तिचा दुसरा मसुदा आला. आता ३ गट आहेत: गटाने चालणं, तितकाच वेळ गटाने पेटी किंवा चित्रकला शिकणं, आणि प्रतीक्षा यादी, ज्यांना अभ्यास संपल्यावर चालण्याचा कार्यक्रम मिळेल. शीर्षकातून 'रुग्ण' गेलंय, 'नैराश्याची लक्षणं असलेले विद्यार्थी' आलंय. सत्रं चुकवणाऱ्यांची नोंद कशी ठेवायची याचा वेगळा परिच्छेद आहे, तो वाचून मला बरं वाटलं. ४० जणांत ३ गट पुरणार नाहीत हे तिला गाईड सांगतीलच.

मी या वेळी समासात एकच ओळ लिहिली. पीएचक्यू-९ चा नववा प्रश्न जगणं नकोसं वाटण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याबद्दल आहे. तो तू ४० मुलांना विचारणार आहेस. कुणी 'हो' वर खूण केली तर त्याच दिवशी कुणाला फोन करणार, ते नाव आणि नंबर इथे लिही. तो रकाना अजून रिकामा आहे. ती सोमवारी विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात जाऊन येणार आहे.